वाकड्या तोंडाची साक्ष

माझ्या तोंडाला प्रसिद्धी मिळाली ती ते वाकडं झाल्यामुळे. त्याआधी पंचेचाळीस वर्षं ते सरळ होतं, पण त्याची कुणी दखल घेतली नव्हती.

आखाडा बाळापूरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पीक विम्याचे आणि शिष्यवृत्तीचे ऑनलाईन फॉर्म. आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. गावात आमची दहाबारा घरं आणि बाजारामागं पत्र्याचं एक लहानसं प्रार्थनामंदिर. पाळकसाहेब तीन गावं सांभाळतात. मोटारसायकलवर येतात, उपासना घेतात आणि पुढच्या गावी उशीर होऊ नये म्हणून शेवटचं गीत जरा घाईनं उरकतात. मंदिराची किल्ली माझ्या बायकोकडे असते. दर रविवारी ती आठ वाजता जाते, कुलूप काढते, झाडून घेते, सतरंज्या अंथरते. मी दहा वाजता केस विंचरून पोचतो. आमच्या घरात श्रद्धेची वाटणी अशी होती : काम तिच्याकडे, मतं माझ्याकडे.

मतं पक्की होती. दुकानात गर्दी असली की ती प्रभूची कृपा, नसली की प्रभूची परीक्षा, आणि मशीनमध्ये कागद अडकला की सैतान. आपण सुखात आणि दुःखात एकसारखे विश्वासू आहोत असं मला मनापासून वाटायचं. दुःख अजून आलेलंच नाही, ही बाब माझ्या ध्यानात आली नव्हती.

मग एका सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट बनियनवर आलं. मी दुर्लक्ष केलं आणि दुकान उघडलं. शेजारच्या गाळ्यात माझा मित्र शिंपीकाम करतो. तो बौद्ध आहे. रोज सकाळी तो ‘जय भीम’ म्हणतो, मी ‘सलाम’ म्हणतो आणि मग दोघांत मिळून चहा सांगतो. त्या दिवशी त्यानं जय भीम म्हटलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

“काहून रे, सकाळी सकाळी मला डोळा मारून राहिला का?”

मी डोळा मारत नव्हतो. उजवा डोळा मिटत होता आणि डावा मिटायचा राहत होता. हे सांगायला तोंड उघडलं तर शब्द एका बाजूनं सांडायला लागले. त्यानं कापलेला कपडा तसाच टाकला, मला मोटारसायकलवर बसवलं आणि हिंगोलीला डॉक्टरकडे नेलं.

“चेहऱ्याची नस सुजलीय,” डॉक्टर म्हणाले. “घाबरू नका. गोळ्या वेळेवर घ्या, डोळ्यात थेंब टाका आणि तोंडाचा व्यायाम करा. फुगे फुगवा. बहुतेक लोक दीड-दोन महिन्यांत बरे होतात.”

मित्रानं येतानाच फुग्यांचं पाकीट घेतलं. मग रोज दुपारी मी काउंटरमागं बसून फुगे फुगवायचो आणि सातबारा हातात घेऊन आलेली माणसं आपला नंबर येईपर्यंत ते बघत उभी राहायची. संध्याकाळी घरी गेलो की बायको दोन प्रश्न विचारायची. “गोळी घेतली का?” आणि “प्रार्थना केली का?” दोन्ही एकाच आवाजात, पाण्याची मोटर बंद केली का असं विचारावं तशी.

पहिल्या रविवारी मंदिरात मला एक नवंच ज्ञान झालं. पाळकसाहेबांनी ‘आपण डोळे मिटून प्रार्थना करू’ म्हटलं. सगळ्यांनी मिटले. माझा एक उघडाच राहिला. इतकी वर्षं ज्या प्रार्थनेत मी डोळे मिटून बसलो होतो, ती चालू असताना मंडळी काय करते हे मला पहिल्यांदा दिसलं. एक वडीलधारे सद्गृहस्थ मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघत होते. दोन बायका एकमेकींच्या साड्यांचे पदर चिमटीत धरून खुणेनंच चर्चा करत होत्या. खुद्द पाळकसाहेब तोंडानं प्रार्थना चालवून हातानं पुढच्या गीताचं पान शोधत होते. आणि मी हे सगळं टिपत होतो, म्हणजे प्रार्थना मीही करत नव्हतोच.

उघड्या डोळ्यातून पाणी गळत होतं. निघताना थेंब टाकले होते, त्यांचाच तो प्रताप. पण प्रार्थना संपल्यावर समोरची म्हातारी माझ्याकडे बघून हात जोडून म्हणाली, “बघा, कसं रडून राहिलं लेकरू. आत्मा उतरला त्याच्यावर!”

औषधाचे थेंब उतरले होते. पण म्हातारीला कशाला दुखवा, म्हणून मी नुसता खाली मान घालून बसलो. माझ्या ख्यातीचा पाया त्या दिवशी घातला गेला.

सातव्या आठवड्यात तोंड सरळ झालं. मी आमच्या मंदिरात उभं राहून साक्ष दिली. म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगितलं. मित्राची मोटारसायकल, हिंगोलीचे डॉक्टर, गोळ्या, फुगे, मंडळीची प्रार्थना, बायकोची देखभाल, सगळ्यांसाठी प्रभूचे आभार मानले. लोक आमेन म्हणाले आणि चहाला गेले. साक्ष इतकी खरी होती की कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

पण म्हातारीची साक्ष गावोगाव पोचली होती. महिन्याभरानं मोठ्या शहरातून एक प्रचारक आले. पांढरा शर्ट, पांढरे बूट, मोठी गाडी आणि गाडीत माणसाच्या उंचीचे स्पीकर. ते जिल्ह्यात ठिकठिकाणी चंगाई सभा घेणार होते. आजार बरे होण्यासाठीची ही प्रार्थना. त्यांनी माझी साक्ष ऐकून घेतली, डोळे मिटून, मान डोलावत.

“फार सुंदर, ब्रदर,” ते म्हणाले. “थोडी लांब आहे. मोटारसायकल काढू या. फुगेही काढू या, लोक हसतात.”

“आन गोळ्या?”

“गोळ्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही, ब्रदर. फक्त वेळ कमी असतो.”

वेळेअभावी गोळ्या गेल्या. पहिली सभा सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला झाली, तिथं माझं नुसतं तोंड वाकडं होतं आणि ते प्रार्थनेनं सरळ झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याच व्यासपीठावर एका बाईचा दहा वर्षं दुखणारा पाठीचा कणा बरा झाला, तिला जास्त वाजल्या. पुढच्या सभेत माझा डावा हातही लुळा पडला. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावला पोचेपर्यंत माझी अख्खी डावी बाजू गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि घरच्यांनी नातेवाइकांना फोन केले होते. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. प्रचारकांनी फक्त कापलं. वाढवलं मी.

गोरेगावच्या सभेला बायको आली होती. परतताना जीपमध्ये तिनं माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, “आवो, तुमचा हात कवा गेला होता?”

“ते लोकांना समजावं म्हणून जरा…”

“मंग रोज शटर कोण वर करत होतं?”

मी तिला समजावून सांगितलं की साक्षीचा हेतू महत्त्वाचा असतो. पुढच्या सभांना ती आली नाही. रविवारी घाई होते, म्हणाली.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात विश्वासू वर्ष होतं. मला शाली मिळाल्या, हार मिळाले, प्रचारकांच्या गाडीत पुढची सीट मिळाली. आजारी माणसं माझ्याकडे आणली जायची आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचो, “औषधानं काय होतंय? विश्वास वाढवा.” एखाद्याला फरक पडला नाही तर त्याचा विश्वास कमी पडला, हे निदान माझ्याकडे तयार असायचं. त्याला तपासणी लागत नव्हती.

मग हिंगोलीला मोठी सभा ठरली. बसस्थानकाजवळ बॅनर लागलं. त्यावर प्रचारकांच्या खालोखाल माझा फोटो होता, सरळ तोंडानं हसणारा. सभेला दोन आठवडे राहिले असताना मी सकाळी चूळ भरली आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून बनियनवर आलं.

आरशात बघितलं. या वेळी दुसरी बाजू होती.

मी प्रचारकांना फोन केला. तोंडातून प आणि भ नीट निघत नव्हते, त्यामुळे प्रभूचं नाव घेताना नुसती हवा सुटत होती. ते म्हणाले, “ब्रदर, कॅमेरा चालू करा.” मी केला. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, “बंद करा.”

थोड्या वेळानं त्यांनी गंभीर आवाजात विचारलं, “तुमच्या जीवनात काही गुप्त पाप आहे का?”

मी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. एक होतं, पण त्यात आम्ही दोघं भागीदार होतो.

“तुम्ही सभेला येऊ नका,” ते म्हणाले. “विश्वासणाऱ्यांना अडखळण होईल. आम्ही तुमच्यासाठी लांबूनच प्रार्थना करू.”

चार दिवसांनी डॉक्टरकडे गेलो तेव्हा बॅनर बघितलं. माझ्या फोटोवर दुसऱ्याचा फोटो चिकटवला होता. मित्र चौकशी करून आला. म्हणाला, “त्याची शुगर बरी झाली म्हणून राहिले. शुगर बरी, परत आली तरी तोंडावर दिसत न्हाई.”

डॉक्टरांनी पुन्हा त्याच गोळ्या दिल्या. या वेळी मी त्या लपवून घेतल्या. आमची मंडळी भेटायला आली, प्रार्थना केली आणि जाताना दारात हळूच म्हणाली की विश्वास वाढवायला पाहिजे. वर्षभर मी जे औषध वाटलं होतं तेच मला मिळालं. ते किती कडू लागतं हे तेव्हा कळलं.

मी मंदिरात जाणं बंद केलं. देवानं मला भर बाजारात तोंडघशी पाडलं असं वाटत होतं. मी त्याच्यासाठी एवढ्या सभा केल्या आणि त्याला माझा एक गाल धरवला नाही? दर रविवारी मी खाटेवर पडून राहायचो आणि आठ वाजता बायको किल्ली घेऊन निघायची. चौथ्या रविवारी मला राहवलं नाही.

“तू काहून जाऊन राहिली अजून?”

“सतरंज्या कोण टाकील?”

“माझं असं झालं, त्याचं तुला काईच न्हाई?”

तिनं चप्पल घालता घालता माझ्याकडे बघितलं. “तुमचं तोंड सरळ झालं तवा मी जास्तीचे दोन रविवार गेले न्हाई. आता वाकडं झालं तर कमी काहून जाऊ? दुधात पोळी कुस्करून ठेवलीय. एका बाजूनं चावा.”

आणि ती गेली. मला तिचा राग आला. माझ्या संकटानं घरातल्या एका तरी माणसाची श्रद्धा डळमळीत व्हायला नको होती का?

त्याच आठवड्यात दुकानात एक जोडपं आलं. मी तोंडाला मास्क लावून बसलो होतो. नवरा साधा, शेतात कामाला जाणारा. बायको तिशीची, उजव्या हाताला प्लास्टर. मला वाटलं फॉर्म भरायचा असेल. नवरा म्हणाला, “आमी गोरेगावहून आलो. तुमी सभेत साक्ष दिली ती हिनं ऐकली होती. आमी भांडाया आलो न्हाई. हिला फक्त एक गोष्ट इचारायची हाय.”

ती म्हणाली, “मला फिट येते, लहानपणापासून. गोळ्या चालू होत्या, बराबर होतं सगळं. तुमी म्हणले, औषध हरलं अन् विश्वास पुरला. मंग मी गोळ्या फेकून देल्या. नळावर पाणी भरताना पडले. हात मोडला.” तिनं प्लास्टरचा हात काउंटरवर टेकवला. “तुमाला बरं वाटलं तवा तुमी गोळ्या खाल्ल्या होत्या का न्हाई, एवढंच सांगा.”

शेजारचं शिलाई मशीन थांबलं होतं. मी मास्क काढला. बोलायला सुरुवात करायच्या आधीच तिच्या तोंडून निघालं, “आगं बाई! परत झालं का तुमाला? लई तकलीफ असंल.”

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी बचाव केला असता. वर्षभराच्या सवयीनं वाक्यं तयार होती. पण तिला माझी दया आली आणि माझ्याजवळ काही उरलं नाही.

“खाल्ल्या होत्या,” मी म्हणालो. “एकबी चुकवली न्हाई. आताबी खातो.”

“मंग तवा काहून न्हाई सांगितलं?”

वेळ कमी होता, हे जिभेवर आलं होतं.

मित्र तोवर गाळ्याच्या दारात येऊन उभा होता. त्यानं सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि तिला म्हणाला, “ताई, हिंगोलीला मी नेलं होतं त्याला, माझ्या गाडीवर. फुगेबी मी आणले. आमचा कुटंच उल्लेख न्हाई.” ती हसली. नवराही हसला. मला हसता येत नव्हतं, दोन्ही कारणांनी.

चहा झाल्यावर ती म्हणाली, “तुमी गोरेगावला येऊन हेच सांगा. गोळी घेतली की आमच्यातल्या बाया म्हणतात, हिचा विश्वास न्हाई. न घ्यावी तर हे रडतात. माझं कोणी ऐकत न्हाई. तुमी ष्टेजवरचे हाव, तुमचं ऐकतील.”

पुढच्या रविवारी उपासनेच्या वेळेनंतर मी गोरेगावला निघालो. बायकोला मी ये म्हटलं नव्हतं. ती सतरंज्या गुंडाळून, कुलूप लावून थेट बसथांब्यावर आली. हिंगोलीला उतरून गोरेगावची जीप धरली.

त्या बाईच्या अंगणात बारा-तेरा माणसं जमली होती. व्यासपीठ नाही, माईक नाही. मला उभं राहायचं की बसायचं तेच कळेना. शेवटी मी बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. चूळ, मोटारसायकल, डॉक्टर, गोळ्या, फुगे. प्रत्येक वेळी प्रभू म्हणताना तोंडातून फफू निघत होतं आणि कुणी हसत नव्हतं, हे आणखी वाईट होतं. हात कधी लुळा पडला नव्हता हेही सांगितलं. नातेवाइकांना कुणी फोन केले नव्हते हेही.

मागं बसलेले एक आजोबा म्हणाले, “म्हंजे त्या दिवशी तुमी खोटं बोलत होते?”

“व्हय.”

“प्रभूचं नाव घेऊन?”

“व्हय.”

“मंग आज खरं बोलून राहिले हे कशावरून?”

प्रश्न रास्त होता. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी बायको बोलली. चारचौघांत तिला बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. “मी त्यांची घरवाली हाय. गोळ्या मी हातावर देत होते. अन् त्यांचा हात गेला असता तर मला कळलं असतं की. दोन्ही हातानं जेवायला बसतात ते.”

अंगणात हशा पिकला. आजोबाही हसले. मग त्या बाईनं आतून पाण्याचा तांब्या आणला, सगळ्यांसमोर गोळी घेतली आणि तिथंच, उभ्या उभ्या, लहानशी प्रार्थना केली. प्लास्टर केलेला हात दुसऱ्या हातात धरून. एक बाई मात्र उठून निघून गेली. दारात तिनं सुनावलं की लोकांचा विश्वास मोडायला माणसं हिंगोलीवरून गाडी करून येतात. तिला मी मागच्या सभेपासून ओळखत होतो. तेव्हा तिनं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला होता.

प्रचारकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मला त्याच संध्याकाळी काढण्यात आलं. माझं तोंड पुढं बरंच सुधारलं, पण पूर्ण नाही. उजवा कोपरा जरा खाली राहिलाय. हसलो की लोकांना वाटतं मी त्यांची टिंगल करतोय, त्यामुळे दुकानात मी गंभीर असतो. रविवारी जातो. आठला नाही, पण साडेआठला जातो. सतरंजीचं एक टोक ती धरते, एक मी धरतो. देवाशी माझं पूर्वीसारखं जमत नाही. पूर्वी मी त्याला सांगायचो आणि तो ऐकायचा, असा माझा समज होता. आता मी बराच वेळ नुसता बसतो.

त्या दिवशी गोरेगावहून परतताना जीपमध्ये मी बायकोला म्हटलं, “तुझं बरं हाय. तुझा विश्वास कवाच हालत न्हाई.”

ती हसली. “कोण म्हणलं? आई गेली तवा मी दोन वर्सं देवासंग बोलले न्हाई.”

मी चमकलो. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत एकही रविवार तिनं चुकवला नव्हता, हे मला पक्कं आठवत होतं.

“पण तू तर जात होतीस!”

“जात होते. कुलूप काढत होते, झाडत होते. बोलत न्हव्हते. त्याच्या घरी जायचं अन् त्याच्याकडं बघायचं न्हाई, असं. राग आला म्हणून काय घर सोडायचं का?”

“मंग परत कवा बोललीस?”

समोरच्या बाईच्या मांडीवरचं गाठोडं घसरत होतं, ते तिनं हातानं सावरून दिलं.

“एक दिवस पाव्हणे आले अन् कणीक मळल्यावर गॅस संपला. तोंडातून निघून गेलं, देवा, आत्ताच संपायचा होता का? मंग म्हणलं, बोलणं निघालंच हाय, तर आता बोलावं.”